तारासच्या पोपटाचं वजन

६ एप्रिल

वजन ४०२ ग्रॅम.

मार्लीनने बजावलं आहे की रोज सकाळी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. नुसत्या एका आकड्यासाठी वही काय काढायची, म्हणून बाकीचंही लिहीन म्हणते.

तर आज युर्को घरी आला. आठ आठवड्यांचं राखी पोपटाचं पिल्लू. अंगावर अर्धी पिसं, अर्धी लव. दिसायला सुंदर वगैरे अजिबात नाही. बसतो पण असा की आपणच त्याच्या घरी पाहुणे आलोय.

आमच्या तारासने दोन वर्षांपूर्वी मार्लीनकडे यादीत नाव लावून ठेवलं होतं. ती वर्षाला मोजकीच पिल्लं वाढवते, त्यामुळे नंबर लागायला वेळ लागतो. ऑक्टोबरात तारास गेला. यादीतून नाव काढायला हवं हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. मार्चमध्ये तिचा फोन आला, "तारास आहे का? त्याचं पिल्लू डोळे उघडून बसलंय." मी म्हणाले, मी त्याची आई. पुढचं सांगितलं. ती म्हणाली, "काळजी नका करू, मी दुसऱ्या कुणाला तरी देते." मी म्हणाले, द्यायचं नाही.

माझ्या नवऱ्याचं, नेस्टरचं, एकच पालुपद. "एल्सी, हा पन्नास वर्षं जगणार. आपण किती जगणार?"

"तेव्हाचं तेव्हा."

"तेव्हा आपण नसू, म्हणूनच आत्ता म्हणतोय."

तरी गाडी त्यानेच चालवली. आमच्या डॉफिनपासून मार्लीनच्या घरापर्यंत तीन तास, आणि तिथे पोचल्यावर हा बाबा गाडीतून उतरला नाही. रस्त्यावर चिखल आहे, बूट खराब होतील म्हणे. चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेला माणूस चिखलाला घाबरतो. मी एकटी आत गेले.

एरवी मार्लीन चमच्यावरचं पिल्लू कुणाला देत नाही. पण तिच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलंय, म्हणून दिलं. तिने सगळं दोनदा सांगितलं. पावडरचं खिमट करायचं, दिवसातून तीन वेळा भरवायचं. खिमट चांगलं गरम हवं, थर्मामीटर बुडवून बघायचं. गार खिमट गळ्याखालच्या पिशवीत तसंच पडून राहतं, पुढे सरकत नाही, आंबतं. वजन सकाळी, काही खायच्या आधी, पिशवी रिकामी असताना. नाव तारासनेच सांगून ठेवलं होतं. युर्को हे नेस्टरच्या वडिलांचं नाव. म्हातारा असाच नाकाडा होता.

हे मी परतताना नेस्टरला सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने काच पुसायचं बटण दाबलं.

८ एप्रिल

वजन ४०९.

वजनाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. एकतीस वर्षं मी गव्हाच्या गोदामावर काट्याच्या खोलीत बसले. ट्रक भरलेला आला की एक वजन, ओतून रिकामा गेला की दुसरं, वजाबाकी केली की निव्वळ. इथे ट्रकच्या जागी प्लास्टिकचं भांडं आहे, एवढाच फरक. भांड्यात फडकं, काटा शून्यावर, मग युर्को. तो पंख पसरून शिव्या दिल्यासारखा ओरडतो. आकडा स्थिर व्हायची वाट बघायची. घाई केली की चुकतं.

सकाळी मला पाहिलं की भुकेने नुसता थयथयाट करतो. सबंध मान हलवून खातो, निम्मं माझ्या बाहीवर.

११ एप्रिल

३९८.

काल ४१२ होतं. चौदा ग्रॅम उतरलं. भांडं बदलून पाहिलं, काटा टेबलावरून ओट्यावर नेला. तेच.

मार्लीनला फोन केला. ती अजून घरीच आहे. म्हणाली, "एका दिवसाच्या आकड्याने काही होत नाही गं, वर-खाली होतं, आठवड्याचं बघायचं." सांगणं सोपं आहे. मला उतरता आकडा बघवत नाही. तारासला विनिपेगच्या हॉस्पिटलात रोज सकाळी काट्यावर उभं करायचे आणि रोज अर्धा किलो, पाव किलो, खाली. मी शेजारी उभी राहून ते वाचायचे.

आज दिवसभर काही केलं नाही. पावाची कणीक भिजवून ठेवली होती ती फुगून भांड्याबाहेर आली तरी मी पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसले होते. नेस्टर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मी म्हणाले, "हा पण जाणार." बाहेर सांडलेली कणीक त्यानेच निपटली.

१२ एप्रिल

४२१!

एका रात्रीत तेवीस ग्रॅम. मार्लीनचं खरं निघालं. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की नेस्टर दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून आला. "किती?" सांगितलं. "चांगलं आहे," म्हणाला आणि परत गेला. त्याला काडीचं कौतुक नाही, पण निदान विचारलं तरी.

आज दोघांनी टेबलावर बसून नाश्ता केला. किती दिवसांनी केला ते आठवत नाही.

१५ एप्रिल

४२७.

युर्को शहाणा झालाय. सकाळचा थयथयाट थांबला. मी दिसले की नुसता एक डोळा उघडतो. मार्लीन म्हणाली होती की वय वाढलं की धीर येतो.

नेस्टर हल्ली पहाटेच उठतो. बर्फ उपसायचाय म्हणतो. एप्रिल अर्धा सरला, अंगणात बर्फ आहे कुठे उपसायला? पण घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं. रोज एकच शब्द बोलतो, "किती?" आकडा ऐकला की कॉफी ओतून घेतो. पिंजऱ्याकडे ढुंकून बघत नाही.

पावडरचा डबा मात्र भराभर उतरतोय. मी बहुतेक चमचे जास्त टाकते. माझ्या डोक्याचं काही खरं नाही. काल धुऊन पुसून ठेवलेला चमचा आज सकाळी ओला होता.

१९ एप्रिल

४३३.

चर्चच्या तळघरात पेरोगी वळायला, पारीत बटाट्याचं सारण भरायला गेले. तारास गेल्यावर पहिल्यांदा. सगळ्या जणी माझ्याशी हळू आवाजात बोलतात, जणू मी अंडं आहे. पॉलीन तेवढी पहिल्यासारखी. ती आमच्या शेजारी राहते आणि तिच्या जिभेला हाड नाही.

"एल्सी, तुझा नातू किती भरला आज?"

"चारशे तेहतीस."

"बाई गं. माझ्या नवऱ्याचं वजन तू असं कधी कौतुकाने ऐकलं नाहीस. ते रोज वाढतंय."

"त्याला भांड्यात बसव, मग ऐकते."

हसले मी. हात पिठात होते आणि हसता हसता पुढचा श्वास घेता येईना, तेव्हा पॉलीनने माझ्यासमोरचं बटाट्याचं पातेलं उचलून स्वतःकडे ओढलं आणि दुसऱ्याच विषयावर बोलायला लागली. वाईट नाही ती.

२३ एप्रिल

४३६.

आज तारासची सहा महिन्यांची प्रार्थना झाली. पाव भाजला, मधातले गहू शिजवले, मेणबत्ती लावली. फादरनी नाव घेतलं तेव्हा नेस्टर टोपी हातात फिरवत होता.

घरी आल्यावर बोलावंसं वाटलं. सहा महिने एक गोष्ट माझ्या डोक्यात बसेना झालीय, ती मी जेवताना काढली. शेवटच्या आठवड्यात तारासचं वजन वाढत होतं. अठ्ठावन्नला येऊन थांबलं होतं, मग साठ, मग बासष्ट, मग पासष्ट. सात किलो! घरून सूप करून नेत होते मी, चमच्याचमच्याने भरवत होते. तो तोंड फिरवायचा, मी म्हणायचे, एवढा एक, आईसाठी. आणि काटा वर जात होता. मी त्याच्या पँटची कंबर आत घेतली होती ती परत उसवायला काढली. नर्स म्हणाली, "छान शिवता तुम्ही." आणि मग तो गेलाच. अंग धरायला लागलेला माणूस जातो कसा?

हे मी नेस्टरला विचारलं. तो म्हणाला, "गॅरेजचं दार उघडं राहिलंय," आणि उठून गेला. ताटात अर्धं जेवण तसंच.

तो आमच्या मुलाबद्दल एक अक्षर बोलत नाही. मी एकटीने किती दिवस बोलायचं? भिंतीशी लग्न केलं असतं तर निदान तिच्यावर घड्याळ तरी लावता आलं असतं.

२६ एप्रिल

४४०.

युर्को खूप झोपतो. वाढीच्या वयात झोप लागतेच. चमच्याला पहिल्यासारखी झोंबाझोंबी नाही, सावकाश खातो, दुपारचं निम्मं टाकलं. पिंजऱ्यापाशी आंबूस वास येतो. तळघरात कोबी आंबत घातलाय त्याचा असावा, पिंपाचं झाकण नीट बसत नाही.

आज एक विचित्रच झालं. मी आकडा सांगितला तर नेस्टरने कॉफी ओतली नाही. म्हणाला, "त्याला डॉक्टरकडे ने."

"कुणाला?"

"पोपटाला."

"चारशे चाळीस भरलाय. सगळ्यात जास्त. डॉक्टरकडे कशाला?"

"मला बरा दिसत नाही."

"तू त्याच्याकडे बघतोस कधी?"

त्याने रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ब्रँडन शहरात पक्ष्यांची डॉक्टर आहे. मी नेतो हवं तर." मला राग आला. गेले तीन आठवडे ज्याने त्या जीवाला हात लावला नाही, त्याने मला वजनाचं शिकवावं? मी म्हणाले, "तुला तो घरातून जायला हवाय, एवढंच सरळ सांग." त्याने कप धुतला, कोरडा कपच, आणि बाहेर गेला.

२८ एप्रिल

सकाळी ४४१. पण त्याने चोच उघडली नाही. चमचा चोचीशी नेला तर मान झटकली आणि तोंडातून पांढरं आंबट पाणी आलं. तो आंबूस वास कोबीचा नव्हता, तिथला होता. मी "नेस्टर" म्हणेपर्यंत गाडी दारात उभी होती. त्याने ती आधीच काढून ठेवली होती, हे आत्ता लिहिताना माझ्या लक्षात येतंय.

ब्रँडनला डॉक्टर फ्रीझन म्हणून तिशीतली मुलगी आहे. मी तिला वही दाखवली. रोजचं वजन, चढतं. तिने बघितलं, बाजूला ठेवली आणि युर्कोच्या छातीवरून बोट फिरवलं. मग माझं बोट धरून तिथे ठेवलं. पिसांखाली हाड होतं, धार लागेल असं.

"मांस नाही याच्या अंगावर," ती म्हणाली. "शेवटचं कधी भरवलंत?"

"काल संध्याकाळी सहाला."

"मग गळ्याची पिशवी सकाळी रिकामी हवी. ही बघा." तिने बोटांत धरली. पाणी भरलेल्या फुग्यासारखी टम्म.

तिने नळी घालून ते सगळं बाहेर काढलं. तो वास माझ्या नाकातून अजून जात नाही. मग तिने त्याला काट्यावर ठेवलं. तीनशे पंच्याहत्तर.

"तुम्ही जे मोजत होता त्यात हे होतं," ती म्हणाली. "पुढे न गेलेलं. हा काही दिवस उपाशी आहे. खिमट गार असतं का तुमचं?"

"थर्मामीटर लावल्याशिवाय मी चमचा उचलत नाही."

"रिकाम्या पोटी वजन करता?"

"हो."

"मग यात ताजं खिमट कुठून आलं? आज सकाळचंच आहे हे."

मी म्हणाले, ते शक्य नाही. तिने माझ्याकडे, मग माझ्या मागे बघितलं. नेस्टर दाराशी उभा होता.

"मी देतो," तो म्हणाला. "पहाटे."

डॉक्टरने शांतपणे विचारलं, "गरम करून?"

"नळाचं कोमट पाणी. किटली शिट्टी मारते. ही जागी झाली असती."

युर्को टेबलावर फडक्यात पडून होता, डोळे मिटून. नेस्टर म्हणाला, "त्या दिवशी वजन उतरलं तेव्हा ही दिवसभर खुर्चीत बसली होती. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी मी थोडं भरवलं, आकडा वाढला. ही हसली. मग मला थांबता आलं नाही."

डॉक्टरने युर्कोला ठेवून घेतलं आहे. जगेल का, विचारलं. म्हणाली, आठवडाभर काही सांगता येणार नाही.

येताना मी मागच्या सीटवर बसले. रिकामं भांडं मांडीवर.

२९ एप्रिल

मी त्याच्याशी बोलत नाहीये. त्याच्यापेक्षा स्वतःवर जास्त चिडलेय. ओला गहू जास्त भरतो. हे मला कुणी सांगायची गरज आहे का? पावसात भिजलेला ट्रक आला की काट्यावर आकडा मोठा दिसायचा आणि शेतकरी खूश व्हायचा, आणि मी मूठभर गहू काढून ओल तपासल्याशिवाय पावती फाडत नसे. शिव्या खाल्ल्या त्यासाठी. आणि इथे माझ्या हातात आंबलेल्या पाण्याने भरलेलं पिल्लू, आणि मी ४४१ लिहून खाली रेघ मारली.

दुपारी धुणं वाळत घालत होते. हातात नेस्टरची विजार होती, चिमटा लावला आणि तिथेच थांबले. पासष्ट.

आत आले. तो टेबलाशी बसला होता.

"ते पाणी होतं," मी म्हणाले.

त्याला कळलं मी कुणाबद्दल बोलतेय. बराच वेळ टेबलक्लॉथचा दोरा ओढत राहिला. "हो."

"पोटात?"

"पोटात. पायात. सगळीकडे."

"तुला कधी कळलं?"

"साठ भरला त्या दिवशी. डॉक्टरने मला बाहेर बोलावून सांगितलं. थोडे दिवस राहिले म्हणाले. तुला मी सांगतो, असं मी म्हटलं."

"मग?"

"खोलीत आलो तर तू खिडकीशी बसून पँट उसवत होतीस. गुणगुणत होतीस, एल्सी. दोन वर्षांत पहिल्यांदा. माझं तोंड उघडेना."

मी त्याला खूप बोलले. एवढं आयुष्यात कुणाला बोलले नाही. मी म्हणाले, तुला माहीत होतं आणि तू मला त्याच्याशी पुढच्या वर्षाबद्दल बोलू दिलंस. उन्हाळ्यात तळ्यावर जाऊ, पोपट येईल तेव्हा पिंजरा कुठे ठेवायचा, हेच बोलले मी त्याच्याशी, शेवटपर्यंत. निरोप घ्यायचा राहिला माझा. त्यालाही ठाऊक असणार, आणि तोही बिचारा हो हो म्हणत राहिला माझ्यासाठी. तुम्ही दोघांनी मिळून मला खेळवलं.

नेस्टर म्हणाला, "हो."

एवढंच. बचाव म्हणून एक शब्द नाही. त्याने काही सबब सांगितली असती तर मला सोपं गेलं असतं.

३ मे

डॉक्टरचा फोन. युर्कोने स्वतःहून चोच उघडली. थोडं थोडं पचतंय.

घरात दोन माणसं आहेत आणि फक्त फ्रिजचा आवाज येतो. पॉलीन केक घेऊन आली, आमच्या दोघांकडे बघितलं आणि केक ठेवून गेली. ती कधी न बसता गेल्याचं मला आठवत नाही.

६ मे

युर्को घरी. ३८४, खरे.

डॉक्टरने वजनाबरोबर छातीचं हाडही रोज चाचपायला सांगितलं आहे. मी नेस्टरला म्हणाले, आठवड्यात पहिलंच वाक्य, "भरवायचं मी. काट्यावर ठेवायचं तू. आकडा तू वाचायचास, मोठ्याने, आणि आहे तोच."

"बरं," म्हणाला.

त्याचे हात मोठे आणि राठ आहेत. युर्को मात्र त्याच्या हातात निमूट बसतो. पहाटेची ओळख आहे ती. मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं. अंधारात एकटा उठून, न बोलता, तो त्याला भरवत बसायचा. कुणाला भरवत होता कोण जाणे.

१७ मे

४२९. हाड आता बोटाला लागत नाही. शेपटीची लाल पिसं फुटली. टेबलावर उभा राहून पंख एवढ्या जोराने मारतो की वर्तमानपत्र उडतं.

आम्ही थोडं बोलतो. पाऊस, मीठ संपलं, अशा गोष्टी. रात्री तो त्याच्या कुशीवर, मी माझ्या.

२३ मे

४१२. परवा ४२१ होतं.

युर्को चमचा ढकलून देतो. मटार चिवडतो, चिमूटभर खातो, बाकी जमिनीवर. ब्रँडनला फोन लावला. डॉक्टर फ्रीझन म्हणाली, हाड बघा. बघितलं, चांगलं आहे. वास? नाही. विष्ठा? नीट.

"मग काही करू नका. उडायच्या आधी पिल्लं स्वतःहून खाणं कमी करतात. जड अंगाने उडता येत नाही. अजून उतरेल."

"आणि मी काय करू?"

"चमचा एकदा दाखवा. नको म्हणाला तर बाजूला ठेवा. जबरदस्ती भरवू नका, काही झालं तरी."

तिला काय माहीत ती मला काय करायला सांगतेय.

२६ मे

४०५. चमचा दाखवला. नको म्हणाला. बाजूला ठेवला. मग बाहेर जाऊन मुळ्याच्या वाफ्यातलं सगळं तण उपटलं, थोडे मुळेही गेले.

३० मे

आज सकाळी मी सिंकपाशी होते, काट्याकडे पाठ करून. मला बघायचं नव्हतं. मागे भांड्याचा आवाज झाला, मग काही नाही. आकडा स्थिर व्हायला लागतो तेवढा वेळ गेला, त्याहून जास्त गेला. मनात म्हटलं, आता हा चार-पाच ग्रॅम वाढवून सांगेल. सांगू दे. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

"तीनशे शहाण्णव," नेस्टर म्हणाला.

मी नळ बंद केला. सात महिने ज्याच्याकडून मला खरं हवं होतं, त्याने ते दिलं होतं आणि ते पेलायचं मला होतं. मी वळले. तो काट्यापाशी उभा होता, आकड्यावरून नजर न काढता.

मी विचारलं, "तारासचं निव्वळ किती होतं?"

त्याने "काय?" असं विचारलं नाही.

"पाणी वजा केलं तर. तू विचारलं असशीलच डॉक्टरला. मी तुला ओळखते."

"विचारलं होतं."

"मग सांग."

"बावन्न," तो म्हणाला.

माझा मुलगा सहा फूट दोन इंच होता. मी खाली बसले, खुर्ची होती म्हणून खुर्चीवर, आणि रडले. ऑक्टोबरपासून मी अशी रडले नव्हते. दफनाच्या दिवशीही नाही, तेव्हा मी लोकांना कॉफी देत होते. आवाजाने युर्को दचकला, भांड्याच्या कडेवर चढला आणि तिथून सुटला. धड सरळ नाही, दिव्याला धडकता धडकता, पण पडद्याच्या दांडीपर्यंत पोचला. नेस्टरने स्टूल ओढलं. मी म्हणाले, "राहू दे त्याला." तो स्टुलावरच बसला, माझ्यासमोर, आणि त्याने मला गप्प केलं नाही. तोही रडत होता, तोंड उघडं ठेवून, म्हाताऱ्यासारखा.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मी सांगितलं असतं, तर तू काय म्हणाली असतीस त्याला?"

सात महिने मी त्याचीच जुळवाजुळव करत होते. मोठमोठी वाक्यं तयार होती माझ्याकडे. त्यातलं एक आठवलं नाही. मला दिसलं ते त्याचं फिरवलेलं तोंड आणि माझ्या हातातला सूपचा चमचा.

"म्हणाले असते, नको असेल तर नको खाऊस, बाळा."

टेबलावर युर्कोचं खिमट निवत होतं. नेस्टरने वाटी उचलली, सिंकमध्ये ओतली आणि चमचा धुऊन ठेवला.